वेलाचा चौथा तुकडा

दसऱ्याच्या दिवशी माझ्या दुर्बिणीची पूजा झाली. मला न विचारता झाली.

शौनक आणि मी झेंडू आणायला मार्केट यार्डात गेलो होतो. कोपऱ्यावर मिळणारा झेंडू माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, चालत नाही. तो कालचा असतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे दरवर्षी आम्ही नवराबायको गुलटेकडीच्या गर्दीत अडकतो आणि पिशव्या भरून फुलं घेऊन, एकमेकांशी न बोलता कर्वेनगरला परत येतो. या वर्षी परत आलो तर हॉलच्या मधोमध दुर्बीण उभी होती, तोंड छताकडे करून. नळीला शेवंतीचा हार, अंगावर कुंकवाचं स्वस्तिक, कॅमेरा बसवायच्या नळीत खोचलेली आपट्याची पानं. समोर पाट, पाटावर उदबत्ती.

"झेंडूची वाट तरी बघायची," शौनक म्हणाला.

"झेंडू गाडीला," अप्पा म्हणाले.

अप्पा चिंचवडच्या एका कारखान्यात देखभाल विभागात होते. नोकरीभर दरवर्षी त्यांनी यंत्रं बंद करून, पुसून, तेल देऊन, ढिले स्क्रू आवळून त्यांची पूजा केली. निवृत्त झाल्यावर मिक्सर, शिलाई मशीन आणि शौनकचा लॅपटॉप यांच्यावर भागवत होते. दुर्बीण आजवर सुटली होती, कारण ती पेटीत असे. या वर्षी घर हलवायचं म्हणून मीच पेटी बाहेर काढून ठेवली होती.

मी नळीच्या तोंडावर वाकून आत पाहिलं. तळाशी, आरशावर, ओल्या कुंकवात कालवलेल्या अक्षता होत्या. एक तर आरशाच्या बरोबर मध्यावर मी केलेल्या खुणेवर बसली होती. नेम चांगला होता.

"अप्पा, यात अक्षता कोणी टाकल्या?"

"टाकल्या नाहीत. वाहिल्या."

"पण झाकण होतं ना तोंडावर?"

"झाकण काढलं. देवाच्या तोंडावर झाकण ठेवून कुणी पूजा करतं का? आणि एवढं काय झालं, आरसाच आहे ना? पेपर ओला कर आणि पूस. आरसा पेपरनंच स्वच्छ होतो."

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. आवाज न चढवता बोलायची मला सवय आहे. त्या दिवशी मी आवाज चढवला नाही, पण पाटावरची उदबत्ती उचलून गॅलरीत नेऊन ठेवली, आणि अप्पांना ते ओरडण्याइतकंच लागलं.

आमच्या घरी येणारं कुंकू अस्सल असतं, हळदीला चुना देऊन केलेलं. चुना म्हणजे अल्कली, आणि आरशावरचा थर अॅल्युमिनियमचा. या दोघांचं पटत नाही. कोरडं कुंकू थोडा वेळ सहन झालं असतं. अप्पांनी ते पाण्यात कालवलं होतं, नीट लागावं म्हणून.

तेव्हा दसऱ्याचं जेवण बाजूला ठेवून मी आरसा बाहेर काढला, न्हाणीघरात नळाच्या धारेखाली धरला, गाडीच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरनं खंगाळला आणि टेकवून वाळत ठेवला. पुसला नाही. अप्पा दारात उभे राहून बघत होते. पुसत का नाही, हे त्यांनी तीनदा विचारलं. बाकी सगळं गेलं. मध्यावर तेवढा अक्षतेच्या आकाराचा फिकट डाग राहिला. आरशाचा मध्यभाग तोंडाशी असलेल्या छोट्या आरशाच्या सावलीतच असतो, त्यामुळे तिथल्या डागानं काही बिघडत नाही. हे मी अप्पांना सांगितलं नाही.

परत बसवताना कळलं की मागचे सगळे स्क्रू कचकचून आवळलेले आहेत.

"ढिले होते," अप्पा म्हणाले. "आवळून दिलेत."

"ते ढिले नव्हते, अप्पा. ते तसेच ठेवायचे असतात. त्यांच्या आधारानं आरसा स्प्रिंगवर तोललेला असतो."

"यंत्रात स्क्रू ढिला ठेवायला सांगितलं कुणी?"

"न्यूटननं."

वरिष्ठांचं नाव घेतलं की अप्पा गप्प होतात.

न्यूटनच्या पद्धतीची दुर्बीण म्हणजे एक उघडी नळी. तळाशी मोठा खोलगट आरसा, तोंडाशी चार पातळ पात्यांवर अडकवलेला छोटा तिरका आरसा, आणि बाजूला कॅमेरा. माझी दुर्बीण 'फास्ट' प्रकारातली आहे. आखूड नळी, रुंद तोंड. अंधूक तेजोमेघाचा प्रकाश ती थोड्या वेळात भरपूर गोळा करते. पण तिला चूक खपत नाही. आरसा किंचित कलला की चित्राच्या कोपऱ्यातल्या ताऱ्यांना शेपट्या फुटतात. कॅमेरा केसाच्या जाडीइतका सरकला की ताऱ्यांचे भोपळे होतात.

हे मी एकदा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी विजयमालाताईंना समजावून सांगितलं होतं. गच्चीची किल्ली त्यांच्याकडे असते. त्यांच्या आजेसासऱ्यांच्या शेतावर आमची इमारत उभी आहे, त्यामुळे गच्ची आणि तिच्यावरचं आकाश त्या आपलंच समजतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "फास्ट म्हणताय मॅडम, आन् तीन वर्षं झाली एकच फोटो काढताय."

ते खरं आहे. हंस तारकासमूहात एका फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष पसरलेले आहेत, झिरझिरीत, तुटक. इंग्रजीत त्या तेजोमेघाला व्हेल म्हणतात, म्हणजे चेहऱ्यावरचा जाळीचा पदर. अप्पांनी पहिल्या दिवशी तो शब्द 'वेल' असा ऐकला आणि तेव्हापासून माझ्या गच्चीवर एक वेल आहे. "कुठवर आला वेल?" "यंदा फुटतोय का?" मी दोनदा दुरुस्त केलं. मग सोडून दिलं.

हा वेल इतका पसरलेला आहे की माझ्या कॅमेऱ्यात एका वेळी मावत नाही. चार तुकड्यांत काढून जोडावा लागतो. पावसाळाभर आकाश नसतं. वेल संध्याकाळी डोक्यावर येतो ऑक्टोबरात. कोजागिरीपर्यंत चंद्राचा उजेड आणि दिवाळीपासून फटाक्यांचा धूर. मधे उरतात त्या मोजक्या संध्याकाळी, त्याही ढग नसले तर. शहराच्या उजेडातून फक्त हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा प्रकाश आत सोडणारा एक फिल्टर आहे, त्याच्या जोरावर कर्वेनगरच्या गच्चीवरून हे जमतं. दर ऑक्टोबरात एक, असे तीन तुकडे झाले होते. चौथा राहिला होता. त्यात एक ठळक तारा आहे आणि त्याच्या अंगावरून वेलाची सगळ्यात लांब फांदी गेलेली आहे. सगळ्यात सुंदर तुकडा म्हणून मी तो शेवटी ठेवला होता.

आणि आता पुढचा ऑक्टोबर नव्हता. भाऊबीज झाली की इमारत रिकामी करून बिल्डरच्या ताब्यात द्यायची होती. आम्ही कात्रजला भाड्याच्या फ्लॅटमध्ये जाणार, तिथली गच्ची कुलूपबंद. इथे नवी इमारत उभी राहील तेव्हा तिच्या गच्चीवर 'स्काय लाउंज' असेल. माहितीपत्रकातल्या चित्रात त्या लाउंजवर झगझगीत दिवे आहेत आणि वर अख्खी आकाशगंगा चिकटवलेली आहे. ज्यानं चिकटवली त्याला एकदा भेटायची माझी इच्छा आहे.

तर चौथा तुकडा या दिवाळीआधी, नाहीतर कोपरा कायमचा काळा.

आरसे जुळवायला मला दोन दिवस लागले. जुळल्यावर मी कागदावर ठळक अक्षरांत लिहून दुर्बिणीवर चिकटवलं: 'या यंत्राची देखभाल झालेली आहे. पुन्हा करू नये.'

अप्पांनी ते चष्मा लावून वाचलं. "अक्षर चांगलं आहे," म्हणाले.

कोजागिरीचं दूध पिऊन झालं, चंद्र उशिरा उगवायला लागला आणि पहिली मोकळी संध्याकाळ मिळाली. शौनकनं स्टँड वर चढवून दिला. मी तारे बारीक टिपके होईपर्यंत कॅमेरा जुळवला आणि चित्रं घ्यायला सुरुवात केली. पहिली दोन उत्तम. मग तारे फुगले. पुन्हा जुळवलं, पुन्हा फुगले. आरसा निवतोय, म्हणून आकार बदलतोय, असं मी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या संध्याकाळी दुर्बीण दुपारपासून गच्चीच्या जिन्यात निवत ठेवली. तरी तेच. कॅमेरा कुठल्या बाजूला झुकलाय त्याप्रमाणे तारे कधी लवकर फुगायचे, कधी उशिरा. अप्पा रोजच्याप्रमाणे खुर्ची घेऊन वर आले होते.

"आला का वेल?"

"नाही."

"काल पण नाही, आज पण नाही."

"हो अप्पा."

"यंत्र गरम होतंय का बघ."

तिसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्याबरोबर मी कॅमेरा धरणारी नळी हातात घेतली. ही नळी दातेरी चाकांवर चालत नाही. एक गुळगुळीत दांडी तिला नुसती दाबून धरते आणि घर्षणावर सगळं तोललेलं असतं. मी बोट फिरवलं आणि वास घेतला. शिलाई मशीनचं तेल.

अप्पा कोडं सोडवत बसले होते.

"अप्पा, दसऱ्याला तुम्ही या नळीला तेल दिलंत?"

"दिलं की."

"मग मला सांगितलं का नाहीत? स्क्रूचं सांगितलंत, तेलाचं नाही!"

"तेल दिल्याचं काय सांगायचं? जेवल्यावर हात धुतले हे आपण सांगत फिरतो का?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "बघ, आता कशी लोण्यासारखी सरकते."

"सरकायलाच नको आहे ती! घट्ट राहायला पाहिजे. कॅमेऱ्याच्या वजनानं घसरतेय दोन दिवस, आणि मी आकाशाला दोष देत बसले. अजून काय केलंत? सगळं आत्ता सांगा."

"अजून काही नाही."

"आठवा."

"नाही केलं म्हणतोय ना."

आणि मग मी ते बोलले. "तुम्ही पूजा केली नसती तर चौथा तुकडा एव्हाना झाला असता. हे शेवटचे दिवस आहेत, अप्पा. तुम्हाला कळतंय का?"

मी हे ओरडून म्हटलं. इतकं की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला. अप्पांनी कोड्याची घडी घातली, पेनाला टोपण लावलं आणि ते खोलीत गेले.

रात्री जेवताना ते माझ्याशी बोलले नाहीत. शौनकला म्हणाले, "पूजेनं कधी यंत्र बिघडतं का रे?"

"पूजेनं नाही अप्पा, तेलानं बिघडलं."

"तेलानं यंत्र बिघडलेलं मी तरी पाहिलं नाही."

"आता पाहिलंत ना. आमटी वाढू?"

मी स्पिरिटनं नळी आणि दांडी पुसून पुसून कोरडी केली. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. त्यातली एक ढगाळ होती हे एक समाधान. आणि वसुबारस येऊन ठेपली.

आदल्या दिवशी सकाळी जिन्यात विजयमालाताई भेटल्या. हातात विजेच्या माळांची पोतडी होती.

"ताई, या गच्चीवर लावताय?"

"मग कुठं लावू, विहिरीत? शेवटची दिवाळी हाय बिल्डिंगची. चारी बाजूंनी लावणार. आज संध्याकाळी लावून बघायच्यात."

"आजची संध्याकाळ सोडा. उद्यापासून लावा. माझा एक तुकडा राहिलाय फक्त."

"तोच तो?"

"तोच तो."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. चार दिवस मी झोपले नसल्याचं दिसत असणार. "तुमच्या सासऱ्यांना मी परवा विचारलं, काय दिसतं ओ त्यातून? तर म्हणाले, वेल हाय, सुनेनं लावलाय, मी जरा पाणी जास्त घातलं." त्यांनी पोतडी खाली ठेवली. "आज ऱ्हाऊ द्या. पण उद्या गाय-वासराचा दिवस, उद्या म्हणजे उद्या. मग तुमचा वेल असू दे न्हाईतर वड असू दे."

कॉलेजातून परत आले तेव्हा दुर्बिणीच्या तोंडावरचं झाकण नीट बसलेलं होतं, पण त्यावरची खूण मी ठेवते तशी वर नव्हती, खाली होती. शौनकनं धूळ झटकली असेल असं वाटलं. विचारायला वेळ नव्हता.

सातच्या सुमाराला काळोख पुरेसा झाला. हंस डोक्यावर होता. कॅमेरा जुळवला, पहिलं चित्र घेतलं, तारे टिपके. पाचवं घेतलं, टिपके. अर्ध्या तासानं मोठं करून पाहिलं, तरी टिपके. मी पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकले. कोथरूडच्या बाजूला कुणीतरी एक चुकार बाण उडवला, तेवढाच.

अप्पा जिना चढून आले. त्या दिवसानंतर ते आले नव्हते. मी खुर्ची दिली.

"आला का?"

"येतोय."

"स्क्रू ढिलेच ठेवलेत ना?"

"हो. ढिलेच."

ते बराच वेळ दुर्बिणीकडे बघत बसले. माझ्याकडे नाही, पडद्याकडे नाही, दुर्बिणीच्या तोंडाकडे. मग म्हणाले, "आज चालणार हे मला माहीत होतं," आणि खाली गेले. मला ते त्यांचं समजूत घालणं वाटलं.

हंस पश्चिमेला टेकेपर्यंत भरपूर चित्रं झाली. दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती. सगळी चित्रं एकावर एक रचली, अंधूक भाग उजळला आणि फांदी वर आली, तांबडी आणि निळसर, ताऱ्याच्या अंगावरून गेलेली. मी चहा करून आणला. मग चौथा तुकडा बाकीच्या तिघांशेजारी ठेवला.

माझ्या दुर्बिणीतून ठळक ताऱ्यांना चार किरण दिसतात. ते छोट्या आरशाच्या चार पात्यांमुळे; समोरासमोरची दोन मिळून एक रेघ. प्रकाशाच्या वाटेत सरळ आडवी रेघ आली की ताऱ्याला तिच्या काटकोनात दोन्हीकडे किरण फुटतो. हा पाठ मी दरवर्षी शिकवते. तीन तुकड्यांत तारे चार किरणांचे होते. चौथ्यात सहा. ठळक ताऱ्याचे जास्तीचे दोन तर लांब आणि तिरपे, फांदीच्या आरपार गेलेले.

सहा किरण म्हणजे वाटेत आणखी एक रेघ.

मी टॉर्च घेऊन नळीत पाहिलं. आत सगळं काळं असतं, मुद्दाम. काळा मखमली कागद, काळी पाती. बोटांनीच सापडला तो. काळा दोरा. एका पात्याला पक्की गाठ आणि तिथून तिरपा ओढून शेजारच्या पात्याला दुसरी. ताणून, व्यवस्थित. देखभाल विभागाचं काम.

अप्पा गॅलरीत आकाशकंदिलाची वायर बघत होते.

"अप्पा, दोरा तुम्ही बांधलात?"

"दिसला?"

"मला नाही दिसला. ताऱ्यांना दिसला."

त्यांनी वायरचं टोक सोललं. "पाटीवर देखभाल करू नये असं होतं. दोरा म्हणजे देखभाल नव्हे."

"मग काय आहे?"

"दुरुस्त केलेलं यंत्र परत परत बंद पडायला लागलं, की आमचे फोरमन बांधायचे. लिंबू-मिरची त्यांना चालत नसे, सडतं म्हणून. दोरा. आत, कुणाला दिसणार नाही असा."

"आणि मग यंत्र चालायचं?"

"छे. कधी चालायचं, कधी नाही." त्यांनी वायरला टेप गुंडाळली. "पण एकदा दोरा बांधला की पुढं काही झालं तर दोष दोऱ्याचा. माणसं एकमेकांवर ओरडायची थांबायची."

मी हातातला टॉर्च बंद केला.

त्या संध्याकाळी गच्चीवर चारी बाजूंनी माळा लागल्या, हिरव्या आणि जांभळ्या, उघडझाप करणाऱ्या. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी, फटाके, आणि आकाशाचा रंग पातळ ताकासारखा. पुन्हा घेणं शक्य नव्हतं. संगणकावर ते दोन किरण पुसायचा मी प्रयत्न केला. किरण गेले आणि त्यांच्याबरोबर फांदीचा तुकडाही गेला, खोडरबर फिरवल्यासारखा. म्हणजे निवड अशी होती: सहा किरणांचे तारे, नाहीतर तुटलेला वेल.

मी चौथा तुकडा तसाच जोडला.

पाडव्याच्या सकाळी, अर्धं घर खोक्यांत बंद झालेलं असताना, पूर्ण चित्र अप्पांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, संगणकाच्या पडद्याला नाक लावून एक एक फांदी पाहिली.

"वेलच आहे," म्हणाले. "तू उगाच दुसरं काहीतरी म्हणत होतीस." मग बोट खालच्या कोपऱ्याकडे नेलं. "इथले तारे जास्त चांगले आलेत."

"ते चुकीचे आलेत, अप्पा."

"टपोरे आलेत. म्हणजे हा तुकडा माझा."

मी डोळे मिटले आणि उघडले. शौनक स्वयंपाकघरात मोठ्यानं हसला.

चित्र मी आमच्या आकाशनिरीक्षकांच्या ग्रुपवर टाकलं. तासाभरात तिथल्या ऋषी नावाच्या एका मुलानं विचारलं, मॅडम, तीन तुकड्यांत चार किरण आणि चौथ्यात सहा, हे कसं? आरसे नीट जुळवले नव्हते का? की कुणी दुर्बिणीला हात लावला?

अप्पा शेजारी बसून खोक्यांवर नावं घालत होते. दुर्बिणीच्या खोक्यावर त्यांनी लिहिलं होतं: 'नाजूक. तेल देऊ नये.'

मी उत्तर लिहिलं: आरसे जुळलेले होते, हात कुणी लावला नाही. दोष दोऱ्याचा.